सफरचंदाची साल आणि मूत्रपिंडातली साखर

‘मूत्रपिंडे रक्त गाळतात आणि त्यातील टाकाऊ पदार्थ लघवीवाटे बाहेर टाकतात.’ हे वाक्य आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. वाक्य चूक नाही. पण ते ऐकताना मुलांच्या डोळ्यांसमोर घरातली चहाची गाळणी उभी राहते. चोथा वर राहिला, चहा खाली गेला, काम संपले. मग एखादी चौकस मुलगी विचारते, गाळणीतून युरिया खाली जातो, तर साखर का जात नाही?

प्रश्न बिनतोड आहे. युरियाचा रेणुभार ६०, ग्लुकोजचा १८०. अमिनो आम्लांचा साधारण ७५ ते २४०. याउलट रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचा रेणुभार ६६ हजारांच्या घरात. अल्ब्युमिनला अडवणारी गाळणी युरिया आणि ग्लुकोज यांच्यात भेद करूच शकणार नाही. तिच्या लेखी दोघेही सारखेच बारीक. आणि खरोखरच ती भेद करत नाही. निरोगी माणसाच्या दोन मूत्रपिंडांत मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरातला एकूण रक्तद्रव तीनेक लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा या गाळणीतून जातो. लिटरमागे एक ग्रॅम साखर धरली, तर रोज १८० ग्रॅम ग्लुकोज आणि त्याखेरीज ५० ग्रॅमच्या आसपास अमिनो आम्ले गाळणीतून खाली पडतात. लघवीत मात्र आपल्या नेहमीच्या परीक्षेला साखर सापडत नाही आणि अमिनो आम्लेही एखाद-दोन टक्केच उरतात. बाकीचे सारे मधल्या वाटेवर उचलून रक्तात परत ठेवले जाते.

तेव्हा शरीर टाकाऊ माल निवडून फेकत नाही. आधी ते जवळजवळ सगळेच ओतून देते आणि मग हवे ते वेचून आत घेते. आज ही गोष्ट पाठ्यपुस्तकात ‘पुनर्शोषण’ या एका शब्दात उरकली जाते. शास्त्रज्ञांना ती पटायला मात्र ऐंशी-नव्वद वर्षे लागली, आणि ती पटवण्यात सफरचंदाच्या झाडाच्या सालीचा, एका मुतखड्याचा आणि बेडकांचा मोठा वाटा आहे.

वादाची सुरुवात १८४२ साली झाली. लंडनमधील विल्यम बोमन आणि जर्मनीत मारबुर्ग येथील कार्ल लुडविग हे दोघेही १८१६ साली जन्मलेले, म्हणजे पंचविशीतले तरुण. मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे बारीक गुच्छ असतात हे इटलीच्या माल्पिगीने सतराव्या शतकातच पाहिले होते. बोमनने रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव्ये भरून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की प्रत्येक गुच्छाभोवती एक पेल्यासारखी संपुटिका असते आणि ती पेल्याच्या बुडातून निघणाऱ्या लांब, नागमोडी नलिकेला जोडलेली असते. गुच्छ, संपुटिका आणि नलिका मिळून एक नेफ्रॉन. माणसाच्या एका मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख.

रचना तर कळली, पण काम? बोमनला वाटले, गुच्छातून नुसते पाणी पाझरत असावे, आणि नलिकेच्या पेशी रक्तातील टाकाऊ पदार्थ ओढून त्या पाण्यात सोडत असाव्यात, लाळग्रंथी लाळ सोडते तसे. लुडविगला रक्तदाब आणि परासरण या भौतिक कल्पनांचे आकर्षण होते. त्याने उलटी मांडणी केली: रक्ताच्या दाबाने प्रथिनांखेरीज सगळेच गुच्छातून गाळले जाते, आणि नलिकेतून वाहताना त्यातील पाणी परत रक्तात शिरते, उरलेला दाट द्रव म्हणजे लघवी. एकच रचना दोघांपुढे होती, आणि तीतून पदार्थ कोणत्या दिशेने जातात याची उत्तरे अगदी उलटसुलट.

पुढची कित्येक दशके पारडे बोमनच्या बाजूला झुकलेले राहिले, ते ब्रेस्लाऊच्या रूडॉल्फ हायडेनहाइनमुळे. १८७४ साली त्याने प्राण्यांच्या रक्तात निळे रंगद्रव्य सोडले आणि ते नलिकेच्या पेशींत साठलेले दाखवले. गुच्छाभोवतीच्या संपुटिकेत निळेपणाचा मागमूस नव्हता. मग त्याने एक हिशेब मांडला. माणसाच्या लघवीत दिवसाकाठी जेवढा युरिया येतो, तेवढा नुसत्या गाळण्याने यायचा तर रोज सुमारे ७० लिटर द्रव गाळावा लागेल आणि त्यातील ६८ लिटर परत शोषावा लागेल. असला द्राविडी प्राणायाम निसर्ग कशाला करील? लुडविगची कल्पना अशक्य ठरवण्यासाठी त्याने हा आकडा पुढे केला.

हा आक्षेप मला फार शिकण्यासारखा वाटतो. हायडेनहाइनचे गणित निष्काळजी नव्हते; उलट खरा आकडा त्याच्या आकड्याच्या अडीच पट निघाला. निष्कर्ष फसला तो गणितामुळे नव्हे, तर ‘निसर्ग असे करणार नाही’ या गृहीतकामुळे. त्याच्या निळ्या रंगाचे निरीक्षणही खोटे नव्हते. काही पदार्थ नलिकेच्या पेशी रक्तातून ओढून लघवीत टाकतात हे पुढे पक्के सिद्ध झाले. एका पदार्थाबद्दलचे खरे निरीक्षण त्याने सगळ्यांना लावले, एवढेच.

आता सफरचंदाकडे वळू. १८३५ साली बेल्जियममध्ये द कोनिंक आणि स्टास या दोन रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून एक कडू, स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. हाच स्टास पुढे अणुभारांच्या अचूक मोजमापासाठी प्रसिद्ध झाला. पदार्थाचे नाव फ्लोरिझिन. त्या काळी कडू साल म्हणजे तापावरचे औषध असा एक समज असे. सिंकोनाच्या कडू सालीत क्विनीन होते ना! त्यामुळे फ्लोरिझिनही तापावर वापरून पाहिले गेले. फार काही साधले नाही आणि ते बाटलीत पडून राहिले.

१८८६ साली योझेफ फॉन मेरिंगने फ्लोरिझिन कुत्र्यांना दिले. त्यांच्या लघवीतून भराभर साखर जाऊ लागली, जणू कडक मधुमेह झाला आहे. पण रक्त तपासले तर साखर वाढलेली नाही, उलट थोडी कमीच! (तीन वर्षांनी याच फॉन मेरिंगने मिंकोव्स्कीबरोबर कुत्र्याचे स्वादुपिंड काढून खरा मधुमेह घडवून दाखवला. मधुमेहाच्या दोन अगदी वेगळ्या प्रतिकृती एकाच माणसाच्या हातून घडाव्यात हा योग दुर्मीळच.)

रक्तात साखर बेताची आणि लघवीत मात्र भरपूर, याचा अर्थ बिघाड मूत्रपिंडातच आहे. इथवर सगळ्यांचे एकमत झाले. पुढे मात्र गाडी अडली. बोमन-हायडेनहाइन पंथाचे लोक म्हणू शकत होते की फ्लोरिझिनमुळे नलिकेच्या पेशी चेकाळतात आणि रक्तातली साखर ओढून बाहेर टाकतात. लुडविग पंथाचे म्हणू शकत होते की साखर नेहमीच गाळली जाते, फ्लोरिझिनमुळे ती परत घेण्याचे काम बंद पडते. एकाच निरीक्षणाचे हे दोन अर्थ, आणि मूत्रपिंडाच्या बाहेर उभे राहून, केवळ रक्त आणि लघवी तपासून, त्यांतला खरा कोणता हे ठरवणे कठीण. १९१७ साली ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ आर्थर कुश्नीने आपल्या ग्रंथात गाळणे आणि परत घेणे ही बाजू मोठ्या ताकदीने मांडली. पण तोही शेवटी युक्तिवादच होता. नलिकेच्या तोंडाशी असलेल्या द्रवात साखर आहे की नाही, हे कोणीतरी डोकावून पाहायला हवे होते.

ते डोकावणे फिलाडेल्फियात घडले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत जोसेफ वर्न नावाचा तरुण डॉक्टर बेडकाच्या मूत्रपिंडावर काम करत होता. बेडकाचे मूत्रपिंड चपटे आणि पातळ असते, त्यामुळे जिवंतपणीच त्याच्या पृष्ठभागावरचे गुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. एका गुच्छाचा व्यास मिलिमीटरच्या दशांशाएवढा. काचेची नळी तापवून, ओढून, केसाहून बारीक टोकाची करायची, ते टोक संपुटिकेत अलगद खुपसायचे, आणि हळूहळू जमणारा द्रव गोळा करायचा. हाती यायचा एका मायक्रोलिटरहूनही कमी, म्हणजे एका थेंबाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही थोडा. एवढ्याशा द्रवात साखर ओळखायची रासायनिक परीक्षाही त्यांनाच बसवावी लागली.

१९२४ साली वर्न आणि रिचर्ड्स यांनी निकाल छापला. संपुटिकेतील द्रवात प्रथिने नव्हती. साखर होती आणि क्लोराइडही होते. त्याच बेडकाच्या मूत्राशयातील लघवीत त्याच वेळी साखर नव्हती. हे वाचताना माझ्यातल्या प्रयोग करणाऱ्या माणसाला अजूनही हेवा वाटतो. ऐंशी वर्षांचा वाद इतक्या थोड्या द्रवात क्वचितच मिटला असेल.

१९३७ साली याच प्रयोगशाळेतील वॉकर आणि हडसन यांनी पुढची पायरी गाठली. बेडूक आणि नेक्टुरस नावाचा पाण्यात राहणारा उभयचर यांच्या नलिकेत त्यांनी ठिकठिकाणी काचेची सुई खुपसून द्रव काढला. सुरुवातीच्या वळणदार भागातच साखर झपाट्याने कमी होत नाहीशी होते असे दिसले. प्राण्याला फ्लोरिझिन दिले की ती कमी होणे थांबते. म्हणजे फ्लोरिझिन साखर बाहेर ढकलत नाही, ते तिची परतीची वाट अडवते. बाटलीतला तो कडू पदार्थ शतकभर एका अशा यंत्राकडे बोट दाखवत होता, जे असल्याचेच निम्म्या जगाला मान्य नव्हते.

त्याच सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठात होमर स्मिथ आणि त्यांचे सहकारी माणसात हे सारे मोजण्याच्या खटपटीत होते. माणसाच्या नलिकेत सुई खुपसणे शक्य नाही. मग युक्ती अशी, की गाळला जाईल पण परत शोषला जाणार नाही आणि पेशी वरून सोडणारही नाहीत, असा एखादा तटस्थ पदार्थ रक्तात सोडायचा. तो लघवीत किती आला यावरून किती रक्तद्रव गाळला गेला ते कळते. डेलियाच्या कंदात सापडणारे इन्युलिन असा पदार्थ ठरले. या शोधाच्या वाटेवर, १९३३ साली, स्मिथच्या गटाने माणसांनाही फ्लोरिझिन देऊन पाहिले होते. एकदा गाळलेल्या द्रवाचे माप मिळाले की बाकीचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा सोपा: साखर गाळली किती, लघवीत आली किती, म्हणजे परत गेली किती.

१९३८ साली जेम्स शॅनन आणि सॉल फिशर यांनी कुत्र्याच्या रक्तात हळूहळू साखर वाढवत नेली. परत घेतल्या जाणाऱ्या साखरेचे प्रमाणही वाढत गेले, आणि एका मर्यादेपाशी येऊन थबकले. त्यापुढे रक्तात कितीही साखर वाढवा, परत जाणारी साखर तेवढीच. उरलेली सगळी लघवीत. रेल्वे स्टेशनवरच्या हमालांसारखेच हे. हमाल ठरावीक, प्रत्येकाचा वेग ठरावीक. सामान थोडे असेल तर सगळे उचलले जाते. दोन गाड्या एकदम आल्या की उरलेले फलाटावरच राहते. साखर नुसती झिरपून परत जात असती तर अशी मर्यादा आलीच नसती. मर्यादा आहे, याचा अर्थ हमाल आहेत, आणि ते मोजके आहेत.

अकरावी-बारावीच्या वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. प्रौढ माणसात ही मर्यादा मिनिटाला सुमारे ३७५ मिलिग्रॅम आहे. मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळले जाते. रक्तात १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम साखर असेल तर मिनिटाला १२५ मिलिग्रॅम गाळली जाईल, मर्यादेच्या एक-तृतीयांश. मर्यादा गाठायची तर रक्तातील साखर ३०० पर्यंत जायला हवी. पण प्रत्यक्षात १८० च्या आसपासच साखर लघवीत उतरू लागते. असे का, हे मुलांना विचारावे. वीस लाख नेफ्रॉन काही एका साच्यातून काढलेले नसतात. कोणाची गाळणी मोठी आणि हमाल कमी, कोणाचे उलट. ज्यांचे हमाल आधी अपुरे पडतात, त्यांची साखर आधी निसटते.

क्वचित काही माणसांत जन्मतःच हे हमाल थोडे असतात किंवा निकामी असतात. रक्तातील साखर अगदी व्यवस्थित, पण लघवीत बेनेडिक्टची परीक्षा केली तर विटकरी रंग. रक्तातील साखर मोजणे सोपे नव्हते त्या काळात अशा निरोगी माणसांवर मधुमेहाचा शिक्का बसे आणि उपासमारीसारखे पथ्य वाट्याला येई. परीक्षानळीतला रंग साखर आहे एवढेच सांगतो. ती रक्तात जास्त झाली म्हणून आली की हमाल कमी पडले म्हणून, हे सांगत नाही.

अमिनो आम्लांची कथा वेगळ्या दाराने येते. १८१० साली, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा शोध लावणाऱ्या विल्यम वॉलस्टनने एक निराळाच मुतखडा तपासला. नेहमीच्या खड्यांशी त्याचे रसायन जुळेना. मूत्राशयाला ग्रीक भाषेत ‘किस्टिस’ म्हणतात, त्यावरून त्याने या पदार्थाचे नाव ठेवले आणि पुढे बर्झेलिअसने ते बदलून सिस्टीन केले. अमिनो आम्लांपैकी ओळखले गेलेले हे दुसरेच. पहिले १८०६ साली अॅस्परॅगस या भाजीच्या रसात सापडले होते. गंमत अशी की सिस्टीन हा आपल्या प्रथिनांचाच घटक आहे हे कळायला १८९९ साल उजाडले. तोवर ते केवळ खड्यातले एक विचित्र द्रव्य होते.

१९०८ साली लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरडने आपल्या गाजलेल्या व्याख्यानांत जन्मजात चयापचयदोषांची कल्पना मांडली, तेव्हा त्याने दिलेल्या चार उदाहरणांत सिस्टिन्युरिया, म्हणजे लघवीतून सिस्टीन जाण्याचा हा विकार, होता. त्याचा तर्क असा की या माणसांच्या शरीराला सिस्टीन जाळता येत नसावे, म्हणून ते साठून लघवीत येत असावे. बाकी उदाहरणांपुरता हा विचार इतका फलदायी ठरला की इथेही तो लागू नसेल अशी शंका फारशी कोणाला आली नाही.

ती आली पुढे चार दशकांनी, आणि तीही लोकर संशोधनाच्या कृपेने. लोकर हे प्रथिन. त्यातील अमिनो आम्ले ओळखण्यासाठी इंग्लंडमधील लीड्स येथील लोकर उद्योगाच्या प्रयोगशाळेत कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी १९४४ साली पेपर क्रोमॅटोग्राफी विकसित केली. शाईतले रंग खडूवर किंवा टिपकागदावर वेगळे करण्याचा प्रयोग आपण मुलांकडून करून घेतो, त्याचेच हे थोरले भावंड. लंडनमधील चार्ल्स डेंट यांनी ही पद्धत लघवीला लावली. डेंट हे मुळात रंगद्रव्यांचे रसायनशास्त्रज्ञ, नंतर डॉक्टर झालेले. कागदावर निनहायड्रिनने उमटणारे जांभळे ठिपके वाचणे त्यांना आवडणारच. सिस्टिन्युरियाच्या रुग्णांच्या लघवीचा कागद पाहिला, तर ठिपके एक नव्हे, चार! सिस्टीनबरोबर लायसिन, आर्जिनिन आणि ऑर्निथिनही भरपूर. आणि रक्तात या चारांपैकी काहीच वाढलेले नाही.

चयापचय बिघडला असता तर आधी रक्तात साठा दिसला असता. १९५१ साली डेंट आणि रोझ यांनी निष्कर्ष काढला: दोष जाळण्यात नाही, परत घेण्यात आहे. या चौघांच्या रेणूंची ठेवण सारखी, दोन टोकांना दोन अमिनो गट. तेव्हा चौघांना उचलणारा हमाल एकच असला पाहिजे आणि तोच गैरहजर आहे. चौघांपैकी सिस्टीन तेवढे पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून त्याचा खडा होतो. बाकीची तीन गुपचूप वाहून जातात. म्हणून १८१० पासून सगळ्यांना एकच चोर दिसत होता.

यातून एक नवी गोष्ट हाती आली. अमिनो आम्लांना सगळ्यांसाठी मिळून एक हमाल नाही, आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र हमालही नाही. त्यांच्या टोळ्या आहेत. १९५६ साली डेंट आणि सहकाऱ्यांनी हार्टनप नावाने ओळखला जाणारा विकार वर्णन केला, त्यात ट्रिप्टोफॅनसारख्या उदासीन अमिनो आम्लांची टोळी निसटते. ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसिन हे जीवनसत्त्व बनवते. ते कमी पडले की उन्हात कातडी पेलाग्रासारखी सोलवटते. कातडीवरच्या पुरळाचे मूळ मूत्रपिंडाच्या आणि आतड्याच्या नलिकेत!

आता उरला प्रश्न हमालांच्या मजुरीचा. नलिकेतील साखर संपत येते तेव्हाही उरलेले रेणू पेशीत ओढले जातात, म्हणजे कमी संहतीकडून जास्त संहतीकडे, चढावर. त्याला ऊर्जा लागणार. ती येते कोठून? १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील परिसंवादात रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने एक आकृती काढून दाखवली. तो आतड्यावर काम करत होता, पण तर्क दोन्हीकडे लागू होता. पेशीच्या आत सोडिअम फार कमी असते, कारण तीन वर्षांपूर्वी, १९५७ साली, डेन्मार्कच्या येन्स स्कोऊने दाखवलेला सोडिअमचा पंप, एटीपी खर्चून, ते सतत बाहेर फेकत असतो. त्यामुळे बाहेरच्या सोडिअमची आत शिरण्यासाठी धडपड चाललेली असते. दारावरचे वाहक प्रथिन त्याला म्हणते, ये, पण बरोबर ग्लुकोजला घेऊन ये. सोडिअम उतारावरून येते आणि त्या जोरावर साखर चढ चढते. ओढ्याच्या पाण्यावर पाणचक्की फिरावी तसे. पेशीच्या दुसऱ्या बाजूने साखर उतारानेच रक्तात जाते. १९७० च्या दशकात फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक संस्थेत किने आणि मुरर यांनी मूत्रपिंडाच्या पेशीपटलाच्या नुसत्या पिशव्या वेगळ्या करून, त्यांत पेशी नसतानाही, सोडिअमच्या उतारावर साखर आणि अमिनो आम्ले आत जातात हे दाखवले. अमिनो आम्लांच्या बहुतेक टोळ्या याच पद्धतीने चालतात. सिस्टीनचा हमाल मात्र अदलाबदलीवर चालतो: एक आत, त्या बदल्यात दुसरे बाहेर.

जुलाब झालेल्या मुलाला मीठ आणि साखर एकत्र का द्यायची, याचे उत्तरही इथेच आहे. नुसते मीठ किंवा नुसती साखर नव्हे. जोडीने गेली की दोन्ही आत जातात आणि मागोमाग पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायच्या सलाइनचा तुटवडा असताना याच द्रावणाने हजारो जीव वाचवले.

आणि हायडेनहाइनचा आक्षेप? इतका खटाटोप कशाला? मला पटणारे उत्तर असे. हवे असलेल्या पदार्थांची यादी छोटी आणि ठरलेली आहे: साखर, वीसेक अमिनो आम्ले, काही क्षार. नको असलेल्यांच्या यादीला अंत नाही. उद्या एखाद्या नव्या वनस्पतीतून नवेच विष पोटात येईल. सगळे ओतून देऊन ओळखीचे तेवढे वेचले, की पाण्यात विरघळणारे बहुतेक अनोळखी रेणू आपोआप बाहेर पडतात. त्यांच्यासाठी वेगळा हमाल नेमावा लागत नाही.

१९८७ साली लॉस एंजेलिस येथे अर्नेस्ट राइट यांच्या प्रयोगशाळेत हेडिगर आणि सहकाऱ्यांनी या हमालाचे जनुक पकडले, तेही आफ्रिकी बेडकाच्या अंड्यात सशाच्या आतड्यातील आरएनए घालून, कोणते अंडे साखर ओढू लागते हे पाहून. पुन्हा बेडूकच! हा झाला एसजीएलटी-१. मूत्रपिंडातील मुख्य हमाल, एसजीएलटी-२, १९९४ पर्यंत ओळखला गेला. तो नलिकेच्या सुरुवातीला बसून सुमारे नव्वद टक्के साखर उचलतो. त्याच्या तावडीतून सुटलेली साखर पुढे एसजीएलटी-१ टिपतो. एक ढीग उपसणारा, दुसरा शेवटचे दाणे वेचणारा.

दरम्यान १९८७ सालीच अमेरिकेत रोसेटी आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांना फ्लोरिझिन देऊन, लघवीवाटे साखर काढून टाकली की रक्तातली साखर आटोक्यात येतेच, शिवाय इन्शुलिनही पुन्हा नीट काम करू लागते, हे दाखवले. पण फ्लोरिझिन गोळी म्हणून निरुपयोगी. ते आतड्यातच फुटते, आणि दोन्ही हमालांना अडवत असल्याने जुलाब करते. जपानी आणि अमेरिकी औषधशास्त्रज्ञांनी त्याच रेणूचा सांगाडा ठेवून, न फुटणारा आणि नेमका एसजीएलटी-२ लाच अडवणारा रेणू घडवला. २०१२ साली युरोपात डापाग्लिफ्लोझिन आणि २०१३ साली अमेरिकेत कॅनाग्लिफ्लोझिन मंजूर झाले; नावातले ‘ग्लिफ्लोझिन’ फ्लोरिझिनचीच आठवण देते. २०१५ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत या औषधांनी हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रक्षण होते असे दिसले, २०१९ आणि २०२० साली तर मधुमेह नसलेल्यांतही. भारतात २०२० साली डापाग्लिफ्लोझिनच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि स्वस्त गोळ्या आल्या. आज तुमच्या शाळेतील एखादे सहकारी ती घेत असतील. त्यांच्या लघवीची बेनेडिक्ट परीक्षा केली तर ती विटकरी येईल, रक्तातली साखर उत्तम असली तरी. गोळीचे तेच काम आहे. अर्थात गोड लघवीत बुरशीचा संसर्ग वाढतो, आणि उपास किंवा आजारपणात ही गोळी घेत राहिल्यास क्वचित रक्तात आम्लता माजते. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच. आणखी एक. एसजीएलटी-२ पूर्ण अडवला तरी गाळलेल्या साखरेपैकी निम्म्याहून कमीच लघवीत येते. मागे बसलेला दाणे वेचणारा अशा वेळी दुप्पट जोमाने कामाला लागतो.

सिस्टिन्युरियाच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. १९९४ आणि १९९९ साली त्याची दोन जनुके सापडली, पण बिघडलेला हमाल दुरुस्त करणारे औषध नाही. सिस्टीनशी संयोग पावून त्याला विद्राव्य करणारी काही औषधे आहेत, पण त्यांचे दुष्परिणामही आहेत. मुख्य उपाय १९५५ साली डेंट यांनी आग्रहाने सांगितला तोच: दिवसाला तीन लिटरहून अधिक लघवी होईल इतके पाणी प्यायचे, आणि झोपेत लघवी दाट होऊन खडा धरतो म्हणून रात्री गजर लावून उठायचे, दोन पेले पाणी प्यायचे आणि पुन्हा झोपायचे.